खरपुडीचा उतारा

धुमाळ बागेतली खरपुडी एका रविवारी सकाळी टाळ्यांच्या कडकडाटात मेली. लिंबू सरबत सगळ्यांना पुरलं.

हे तुम्ही वाचलेलं नाही. आमच्या घरात तसा ठराव झालेला आहे आणि तो मोडायचा मला अधिकार नाही. तेव्हा खरपुडी आहे. श्रावण चालू आहे, बागेच्या मागच्या भिंतीशी पाणी साचलंय, आणि वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका असलेली माझी शरयू आत्या त्या पाण्याशेजारी गुडघे टेकून, दोन्ही हात चिखलात रोवून, नाक जमिनीला लावून बसली आहे.

मला वाटलं, पडली.

"आत्या!"

"निन्या, पाय."

"मुरगळला?"

"तुझा पाय. डावा. उचल आणि हवेत ठेव."

मी उचलला. बराच वेळ हवेत ठेवला. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डॉक्टरांनी सकाळी फिरा म्हणून सांगितलं होतं, पण सोबत कुणीतरी हवं. मी तेव्हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होतो, म्हणजे घरात सगळ्यात मोकळा मीच होतो. नवा डोळा मिळाल्यापासून आत्या जगाकडे उधार आणलेल्या वस्तूसारखी बघायची. परत द्यायच्या आधी सगळं पाहून घ्यायचं असल्यासारखी.

"इकडे ये. त्या बाजूने. हा टाकळा. हा कुर्डू. हा केना, याची भजी तू खाल्लीयस. ही भुईआवळी." लग्नात दूरच्या नातेवाइकांची ओळख करून द्यावी तशी ती भिंतीकडेच्या गवताची ओळख करून देत होती. माझा हात नमस्काराला अर्धा वरही गेला. "आणि ही..."

तिने दोन्ही हातांनी आजूबाजूचं गवत बाजूला केलं.

मला दिसलं ते एवढंच: वीतभर उंचीची एक काडी, तिला तीन-चार लांबट पानं, आणि पानांच्या बेचक्यात हिरवट टोकं.

"ही खरपुडी."

"बरं."

"बरं काय? ही इथे असायला नको."

"मग पोलिसांत कळवू?"

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाग व्हायच्या आधी हा म्हसोबाचा माळ होता. तेव्हा इथे होती. नंतर मला कुठे दिसली नाही. सज्जनगड, कास, सगळीकडे शोधलं मी. हिचा कंद जमिनीत असतो, निन्या. वर्षानुवर्षं निजून राहते आणि मनात आलं की उठते."

"माझ्यासारखी."

"तू उठत नाहीस."

मग तिने मला काम समजावून सांगितलं. कळ्या आल्या होत्या. त्या फुलल्या पाहिजेत, शेंगा धरल्या पाहिजेत, शेंगा वाळून फुटल्या पाहिजेत. आत कापसाच्या शेपटाच्या बिया असतात, रुईच्या म्हाताऱ्यांसारख्या. त्या उडून भिंतीपलीकडच्या उतारावर पडल्या, त्यातली एक जरी रुजली, तरी झालं. "दिवाळीपर्यंत," आत्या म्हणाली, "हिच्यावर कुणाचा पाय पडता कामा नये. बस, एवढंच."

एवढंच म्हणजे फारच होतं. कारण त्या भिंतीसमोरची हिरवळ हास्य क्लबच्या ताब्यात होती. रोज सकाळी तिथे चाळीसेक माणसं जमून हसायची. प्रमुख उबाळेसाहेब, एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. ते निवृत्त झाले, शिट्टी झाली नव्हती. एका शिट्टीला स्मितहास्य, दोन शिट्ट्यांना गडगडाटी, आणि शेवटी सिंहहास्य, ज्यात जीभ बाहेर काढून पाय आपटत भिंतीपर्यंत जायचं आणि परत यायचं. भिंतीपर्यंत.

उबाळेसाहेबांचं आणि माझं जरा बिनसलेलं होतं. मागे मी त्यांना अगदी गंभीरपणे सांगितलं होतं, की सार्वजनिक ठिकाणी सामूहिक हसायला आता परवाना लागणार आहे आणि मोठ्याने हसणाऱ्यांना वेगळा दर आहे. त्यांनी क्लबला आठवडाभर तोंड मिटून हसायला लावलं. तेव्हापासून मी तोंड उघडलं की क्लब आधी हसून घ्यायचा. मग विचारायचा, काय म्हणालास?

"बागेच्या ऑफिसात सांगू या ना," मी आत्याला म्हटलं.

"मागे आमरी सापडली होती, ते रानातलं ऑर्किड, तेव्हा सांगितलं. साहेब फार खूश झाले. उपटून कुंडीत लावली, कुंडी गेटपाशी ठेवली, आणि रात्रीही दिसावी म्हणून वर हॅलोजन सोडला." ती हात पुसत उठली. "कुणाला सांगायचं नाही."

परत येताना आमच्या घराअलीकडच्या तिकटीवर कुणीतरी उतारा ठेवलेला होता. पत्रावळीवर दहीभात, त्यावर गुलाल, टाचण्या टोचलेलं लिंबू, शेजारी काळी बाहुली. आत्या थांबली. एका मोटारसायकलवर तिघं जण आले, त्यांनी गटाराच्या कडेने गाडी काढली. दुधाचा टेम्पो आला, तो रिव्हर्स घेऊन गेला. एक कुत्रं आलं, भाताचा वास घेतला, थोडा विचार केला आणि निघून गेलं.

"निन्या," आत्या म्हणाली, "कुंपण नाही. पाटी नाही. वॉचमन नाही."

"आत्या, नको."

"मी काही म्हटलं का?"

"तू विज्ञानवादी आहेस."

"म्हणूनच. जे चालतं ते मी मान्य करते."

ज्या बाईने आयुष्यभर कुणाच्या दाराला लिंबू-मिरची दिसली की बेल वाजवून घरच्यांना समजावून सांगितलं, जिने अमावास्येलाच घराचा व्यवहार केला, जिला गावातली निम्मी भाविक मंडळी लांबूनच नमस्कार करायची, तिच्या स्वयंपाकघरात त्या संध्याकाळी उतारा शिजला. भातात मीठ घालायचं नाही, कारण मीठ मातीत उतरेल. लिंबू झाडापासून हातभर लांब. बाजारचा गुलाल नको, त्यात काय काय असतं. हळद आणि घरचं कुंकू. बाहुलीसाठी माझा एक काळा मोजा कापला.

"डोळे काढू का?" मी विचारलं.

"काढ. जरा तिरके काढ."

आमचा उतारा संपूर्ण सेंद्रिय होता.

आणि तो चालला. दुसऱ्या दिवशी गवत कापायचं यंत्र भिंतीकडे घुरघुरत गेलं, थबकलं, आणि माळ्याने ते असं वळवलं की तो जणू आधीपासूनच वळणार होता. सिंहहास्य हिरवळीच्या मध्यावर येऊन थांबायला लागलं. सिंह जीभ बाहेर काढायचे, भिंतीकडे बघायचे आणि जीभ आत घ्यायचे. आम्ही पहाटे जाऊन भात बदलायचो, लिंबू बदलायचो, बाहुली तीच. भिंतीच्या कडेला, म्हसोबाचा माळ असताना होतं तसं काहीबाही उगवायला लागलं. आत्या रोज एकेकाचं नाव सांगायची आणि मी विसरायचो.

मग फूल आलं. बोटाच्या पेराएवढा कंदील. खाली फुगीर, वर नळी, आणि टोकाला पाकळ्या एकमेकींना चिकटून मिटलेल्या, पण मध्ये फटी ठेवलेल्या. आत्याने मला चिखलात पालथं पाडलं आणि भिंग हातात दिलं. एक चिलट एका फटीतून आत गेलं.

"आता ते बाहेर येणार नाही," ती म्हणाली. "नळीतले केस खालच्या बाजूला वळलेले असतात. आत जाता येतं, वर येता येत नाही. पुढे केस सुकतात, मग सुटतं. अंगावर पराग घेऊन सुटतं आणि जाऊन दुसऱ्या फुलात अडकतं."

"शहाणं नाही होत?"

"झालं असतं तर खरपुडी राहिली नसती."

तेव्हा ती हसली. क्लबमधल्या कुठल्याच प्रकारात न बसणारं हसू होतं ते. मी तिला तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

गणपती झाले, आणि शेंगा धरल्या. दोन, शिंगांसारख्या, हिरव्या. आत्या वाऱ्याची दिशा बघायला लागली. मीही बघायला लागलो. परीक्षेच्या पुस्तकाचं एक पानही मी उलटलं नव्हतं, पण पश्चिमेचा वारा कुठल्या महिन्यात पडतो हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

एका शनिवारी संध्याकाळी उबाळेसाहेब घरी आले. चहा घेईनात.

"मॅडम, क्लब बुडाला. कुणी हसत नाही. ‘हा’ म्हणायला तोंड उघडतात, तिकडे नजर जाते आणि ‘हं’वर थांबतात. सावंतांचं घर विकलं जात नाहीये, ते म्हणतात, त्या बाहुलीमुळे. माने वहिनींच्या सुनेने वेगळं बिऱ्हाड केलं, तेही बाहुलीने केलं."

"आणि तुम्ही? तुम्ही घाबरता?"

"मी नाही हो. माझा गुडघा घाबरतो." त्यांनी खिशातून पत्रक काढलं. "भगत-बिगत बोलवावा असं काही जण म्हणत होते. मी म्हटलं, छे! आपण सुशिक्षित माणसं. विवेकज्योत मंडळाच्या लोखंडे सरांना बोलावलंय. उद्याच सकाळी. ते उतारा सगळ्यांदेखत पायाखाली तुडवणार, आपणही एकेक जण तुडवायचा, आणि त्याच लिंबांचं सरबत प्यायचं. भीती साफ. मॅडम, ते तुमचेच विद्यार्थी. आणि अध्यक्षस्थानी तुम्ही."

"कोण, प्रशांत?" आत्या म्हणाली. तिचा हात खुर्चीच्या कडेवर गेला आणि तिथेच राहिला.

उबाळे गेले. उपाय सोपा होता. उतारा असेल तर तुडवतील. नसेल तर काय तुडवणार? आम्ही पहाटे गेलो, भात उचलला, लिंबू उचललं, बाहुली माझ्या खिशात घातली, कुंकवाचा ठिपकासुद्धा पाण्याने धुतला. शेंगा तशाच होत्या. आत्या त्यांच्याशी काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही, मी विचारलंही नाही.

सकाळी क्लब झाडून हजर होता. हिरवळीवर टेबल, टेबलावर चादर, माईक, पाण्याचं पिंप. लोखंडे सर आले; उंच, हसतमुख, खादीचा झब्बा, खांद्याला शबनम. येताच आत्याच्या पाया पडले.

"मॅडम, या चळवळीत मी आहे तो तुमच्यामुळे." मग भिंतीकडे बघून, "कुठाय उतारा?"

उतारा नव्हता.

"काल होता," सावंत म्हणाले.

"गेला," माने वहिनी म्हणाल्या.

"कसा गेला?"

"आपोआप!"

हा शब्द हिरवळीवरून सरकत गेला तसा क्लब एक पाऊल मागे सरकला. तिघी जणी तोंड इकडे ठेवूनच उलट चालत गेटपर्यंत पोहोचल्या. ठेवलेला उतारा कुणालाही झेपतो. स्वतःहून निघून गेलेला नाही झेपत.

लोखंडे सर मात्र मुळीच गडबडले नाहीत. "आमचा नेहमीचा अनुभव आहे," ते म्हणाले. "ऐन वेळी कुणीतरी उचलून नेतं. म्हणून मी स्वतःचा बाळगतो." त्यांनी शबनममधून पत्रावळ काढली, डबा काढला, लिंबं काढली, एक अंडं काढलं, बिब्बे काढले. उतारा म्हणून तो आमच्यापेक्षा कितीतरी सरस होता. मग त्यांनी माळ्याला विचारलं, "नेमका कुठे असायचा?" माळ्याने लांबून काठीने जागा दाखवली. नेमकी दाखवली. लोखंडे सर पत्रावळ घेऊन भिंतीकडे निघाले.

आत्याने माईक हातात घेतला.

"थांब, प्रशांत. तो उतारा मी ठेवत होते."

सगळं शांत झालं. कावळाही थांबला. मग उबाळेसाहेबांच्या छातीतून कुठूनतरी खोलातून एक "हा" निघाला. त्याला सावंतांचा जोडला गेला. मग वहिनींचा. आणि मग अख्ख्या महिन्याचं अडलेलं हसू एकदम सुटलं.

"मी गंमत करत नाही," आत्या म्हणाली. "तिथे एक झाड आहे. खरपुडी. शेंगा आल्यात तिला. तिथे पाय देऊ नका."

लोखंडे सरांनी वळून दोन्ही हात पसरले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "ऐकलंत? ‘तिथे पाय देऊ नका!’ हुबेहूब! लहानपणापासून आपल्याला हेच सांगितलं जातं ना? कारखानीस मॅडमनी एका वाक्यात सगळी अंधश्रद्धा उभी केली. टाळ्या!"

टाळ्या पडल्या.

"निन्या," आत्या म्हणाली. माईकमधूनच म्हणाली. "तू सांग यांना."

मी गेलो. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी खरं सांगायचं होतं आणि ते सांगायला माझ्याकडे तोच एक चेहरा होता. "खरं आहे," मी म्हटलं. "लिंबं मी आणत होतो. बाहुली माझ्या मोज्याची होती."

उबाळेसाहेबांना खाली बसावं लागलं. एका आजोबांची कवळी हातात आली. मी खिशातून बाहुली काढून दाखवली. ती बघून जे हसू फुटलं त्यात मला एवढंच सुचलं, की पुरावा द्यावा. मी पँट वर करून त्या जोडीतला दुसरा मोजा दाखवला.

ते दृश्य अजूनही त्या क्लबात सांगतात म्हणे.

मी धावत भिंतीशी गेलो आणि झाडासमोर हात पसरून उभा राहिलो. काडी माझ्या पायांमागे होती; शेंगा मला पोटरीला लागत होत्या, एवढ्या जवळ. "झाड आहे इथे," मी ओरडलो. "बघा तरी!" लोकांना वाटलं, मी भुताचं काम करतोय. लोखंडे सर आले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मला मिठी मारली आणि मिठीतच उचलून बाजूला ठेवलं. मी वजनाने तेव्हा फार नव्हतो. "भूत हटलं!" ते म्हणाले, त्यांनी पत्रावळ ठेवली आणि दोन्ही पाय जुळवून तिच्यावर उडी मारली.

मग उबाळेसाहेबांनी शिट्टी वाजवून रांग लावली. रांग छान लागली. प्रत्येकाने येऊन पाय दिला. आधी भीत भीत, मग जोरात, आणि शेवटी शेवटी सिंहहास्यासकट. गेटपर्यंत गेलेल्या तिघीही परत आल्या. माने वहिनींनी तर चप्पल काढून अनवाणी पाय दिला, आणि मग त्या रडल्या. किती दिवसांनी हलकं वाटलं म्हणाल्या.

आत्या माईक धरून उभीच होती. तिला शाल दिली, आणि पर्यावरणाची आवड म्हणून क्रोटनची कुंडी दिली. लोखंडे सरांनी सरबताचा पहिला ग्लास तिच्यापुढे धरला.

"साखर बरोबर आहे ना, मॅडम?"

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. ग्लास तिने रिकामा केला.

सगळे गेल्यावर आम्ही बाकावर बसलो. कुंडी मध्ये. भिंतीशी दहीभाताचा आणि चिखलाचा रबडा झाला होता. आत्याने त्यातून एक शेंग शोधून आणली होती. चपटी, हिरवी. तिने ती नखाने उघडली. आत बिया ओल्या, पांढऱ्या, शेपटं एकमेकांना चिकटलेली.

"कच्च्या," ती म्हणाली.

"त्या लोखंड्याला मी..."

"त्याला काही बोलू नकोस. त्याला हे झाड माझ्याइतकंच माहीत आहे."

"मग दिसलं नाही त्याला?"

"त्याने जिवंत फक्त एकदा पाहिलं होतं." तिने शेंग रुमालात ठेवली. "वनस्पतिसंग्रह असायचा आमच्याकडे, बी.एस्सी.ला. झाडं आणायची, वर्तमानपत्रात दाबायची, कागदावर चिकटवायची. दुर्मीळ आणलं तर जादा मार्क. मीच सुरू केलं होतं ते, मुलांनी रानात जावं म्हणून. प्रशांतने या माळावरून खरपुडी आणली. वर्गात फिरवली मी ती. म्हटलं, बघा, याला म्हणतात नजर. पैकीच्या पैकी दिले."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या वर्षी अख्खा वर्ग या माळावर. पुढच्या वर्षी पुढचा वर्ग. नमुना पूर्ण हवा असा माझा नियम होता. मुळासकट. कंद तुटलेला असला तर मी परत पाठवायचे." ती जरा थांबली. "फार शिस्तीची होते मी."

हिरवळीवर कुणीतरी विसरलेला ग्लास लवंडून पडला होता.

"बागेसाठी माळ सपाट करायला बुलडोझर आला तेव्हा मोर्चा निघाला होता," आत्या म्हणाली. "पहिल्या रांगेत मी. हातात फलक. त्या बुलडोझरसाठी मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं, निन्या. एक राहिला होता कुठेतरी खोल, तो एवढ्या वर्षांनी वर आला. मला बघायला आला असं वाटलं मला."

मी मधली कुंडी उचलून बाकाखाली ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात त्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसले आणि ‘निर्भय कट्टा’ अशी पाटी लागली. आत्याने एकदाच येऊन तो पाहिला. काठीने एक ब्लॉक ठोकला, दुसरा ठोकला.

"खाली कंद असेल," ती म्हणाली.

"असेल."

"ते वरवरच नाचले."

"वरवरच."

"मग काही झालेलं नाही."

हाच तो ठराव. आता ती घराबाहेर पडत नाही, नव्या डोळ्यानेही दिसणं कमी झालंय. पण श्रावण लागला की विचारते, "उठली का रे?" आणि मी बागेतून जाऊन येतो, कट्ट्यावर बसलेल्या माणसांना जरा पाय वर घ्यायला सांगतो, ते हसतात, मी फटी बघतो, आणि घरी येऊन सांगतो, "अजून निजलीय."

सबब, मा. उद्यान अधीक्षक यांच्या सेवेशी सविनय सादर की, निर्भय कट्ट्याखालील जागेत यापुढे दरवर्षी आषाढापासून दिवाळीपर्यंत काहीही न करण्याची तरतूद व्हावी. त्यासाठी सदर ब्लॉक काढून म्हसोबाचा माळ पूर्वी होता तितक्या उंचीवर परत आणून ठेवावा. आणि ही कार्यवाही पूर्ण होईपर्यंत सदर ब्लॉकखालील कंदास धीर धरण्याबाबत आपल्या स्तरावरून लेखी कळविण्यात यावे, व त्या पत्राची एक प्रत श्रीमती शरयू कारखानीस यांना, त्यांच्या हयातीत, मोठ्या अक्षरांत, माहितीस्तव मिळावी, ही विनंती.